गिरणगावातल्या चेटकिणीचे प्रायश्चित्त वाचकाला पटावे कसे?

वाटसरू

नमस्कार. मी मुंबईत घडणारी एक अर्बन फँटसी कादंबरी लिहीत आहे. तिच्या शेवटाशी येऊन मी बराच काळ थांबलो आहे, म्हणून येथील वाचकांचे आणि लिहिणाऱ्यांचे मत मागत आहे.

माझी नायिका भागीरथी ही सावंतवाडीकडून लग्न होऊन लालबागच्या चाळीत आलेली बाई आहे. नवरा लवकर गेल्यावर ती एकट्याने राहणाऱ्या गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवू लागते, आणि त्याच चाळीतल्या एका म्हातारीकडून करणीची विद्या शिकते. या विद्येचा एकच नियम मी ठेवला आहे, तो म्हणजे करणी फक्त माणसाच्या उष्ट्यावर चालते. खानावळवालीच्या हाती रोज दोन्ही वेळा पंचवीस-तीस माणसांचे उष्टे येते, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या सामर्थ्याचा अंदाज येईल.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू होतो, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसतात आणि खानावळीची उधारी थकत जाते. भागीरथी पहिली करणी करते ती उधारी बुडवून गावी निघालेल्या एका माणसावर. पुढे संप मोडून कामावर जाणाऱ्यांवर करणी करावी म्हणून लोक तिला पैसे देतात आणि ती ते घेते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विक्रीला मोकळ्या झाल्यावर, ज्यांना जुने भाडेकरू उठवून हवे आहेत असे लोक तिच्या दारी येतात, आणि तेव्हा तर तिला पोटाची अडचणही उरलेली नसते. अशाच एका भाडेकरूच्या उष्ट्यावर ती मूठ मारते. परंतु त्या दिवशी त्याचा सहा वर्षांचा मुलगा त्याच्याच ताटात जेवलेला असतो, आणि मृत्यू येतो तो त्या मुलाला.

आज चाळ पुनर्विकासाला गेली आहे, भागीरथी सत्तरीच्या पुढे आहे आणि तिला केलेले निस्तरायचे आहे. माझ्यासमोर दोन शेवट आहेत. एकात ती अतिवृष्टीच्या रात्री चाळीतल्या माणसांना वाचवताना प्राण देते. दुसऱ्यात चाळीच्या आवारातल्या बुजलेल्या विहिरीवरच्या साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, तिला शापमुक्त करतात. दोन्ही प्रकरणे लिहून झाली आहेत, दोन्हींची भाषा मला आवडते, आणि तरीही भागीरथी सुटली असे मला एकदाही वाटत नाही. तिने जाणूनबुजून वाईट केले आहे, आणि ते सौम्य करून दाखवण्याची माझी इच्छा नाही. अशा बाईचा पश्चात्ताप वाचकाला खरा वाटण्यासाठी कथेत नेमके काय घडावे लागते?

रानजाई

तुमच्या प्रश्नाकडे येण्याआधी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते, कारण तिच्यातूनच तुमच्या कथेला एक वाट मिळू शकेल.

आपल्या राज्यात चेटकीण ही केवळ गोष्टीतली बाई नाही. नंदुरबारच्या सातपुड्यात आजही बायकांना डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते, आणि त्या बायकांनी कोणाचेही काही वाकडे केलेले नसते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. अमुक व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते असे सांगून तिच्याविषयी संशय पसरवणे हाच या कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. अशा ठिकाणी, जिची करणी खरोखरच लागते अशी बाई तुम्ही नायिका म्हणून उभी करत आहात. तुम्ही ती करू नये असे मी म्हणणार नाही, कारण अद्भुत कथेला तो अधिकार आहे. परंतु त्याच चाळीत, केवळ एकटी राहते आणि तिरसट बोलते म्हणून लोकांनी चेटकीण ठरवलेली एक निरपराध बाईही असावी, असे मला फार वाटते. भागीरथीच्या पापाचा आळ त्या बाईवर गेला असेल, आणि भागीरथीने तो जाऊ दिला असेल. मुलाच्या मृत्यूनंतर चाळीने कोणाला तरी दोषी धरलेच असणार ना? ती बाई कोण, तिचे पुढे काय झाले आणि भागीरथी तेव्हा गॅलरीत उभी राहून गप्प कशी राहिली, हे प्रकरण तुमच्या कादंबरीत नसेल तर ती अपुरी राहील.

आता कायद्याचीच दुसरी बाजू पाहा. समजा, भागीरथी पोलीस ठाण्यात जाऊन सांगते की, मी मूठ मारून एका मुलाचा जीव घेतला. तिथला अधिकारी काय लिहून घेईल? करणीने माणूस मरतो हे कायदा मानतच नाही. कायद्याच्या नजरेत करणी करणारा हा भीती घालून फसवणारा माणूस असतो. शिवाय तिची कृत्ये १९८० आणि १९९० च्या दशकांतली, आणि कायदा २०१३ चा. कृत्य घडले तेव्हा जो कायदा अस्तित्वात नव्हता त्याखाली कोणाला दोषी धरता येत नाही, असे संविधानाचे विसावे कलम सांगते. म्हणजे जिला मनापासून शिक्षा हवी आहे तिला शिक्षा देणारे एकही दार या शहरात उघडे नाही. चांगला अधिकारी तिला पाणी देईल, घरच्या कोणाला बोलवू का म्हणून विचारील आणि वृद्धापकाळामुळे असे होते असे समजून घरी सोडील. हा प्रसंग विनोदी न करता लिहा. राज्य, न्यायालय, तुरुंग यांतले काहीच तिच्या पापाला लागू पडत नाही हे कळल्यावरच ती ज्यांचे वाईट केले त्यांच्याकडे वळेल, आणि माझ्या मते तुमची कादंबरी तिथून खऱ्या अर्थाने सुरू होते.

नीरक्षीर

रानजाई यांनी मांडलेली पोलीस ठाण्याची कल्पना मला अतिशय आवडली. तिथूनच पुढे जातो.

तुमचे दोन्ही शेवट का पटत नाहीत, याचे कारण मला असे दिसते की दोन्हींत ज्यांचे वाईट झाले ती माणसे कुठेच नाहीत. पुरातून ती ज्यांना वाचवते ते नवे भाडेकरू आहेत आणि क्षमा करतात त्या आसरा आहेत. गेलेल्या मुलाच्या आईला कोणी काही विचारलेलेच नाही. आपल्याकडे पापी माणूस पालटल्याची गोष्ट म्हटली की वाल्या कोळ्याची आठवण पहिल्यांदा येते. परंतु तुमच्या कामाला ती उपयोगाची नाही. वाल्याचे रांजण भरतात, बायकामुले पापाचे वाटेकरी व्हायला नकार देतात, तो तपाला बसतो, वारूळ वाढते आणि ऋषी बाहेर येतो. वाटेत लुटले गेले त्यांच्या घरांत पुढे काय झाले, हे ती गोष्ट विचारत नाही.

त्याऐवजी मज्झिमनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातले अंगुलिमाल सुत्त काळजीपूर्वक वाचावे. दरोडेखोर अंगुलिमाल भिक्षू होतो, आणि त्यानंतर भिक्षेला गेला असताना लोकांनी फेकलेल्या दगडामातीचे घाव त्याच्या अंगावर बसतात. डोके फुटलेले, पात्र मोडलेले, चीवर फाटलेले अशा अवस्थेत तो परततो. बुद्ध त्याला सहन करायला सांगतात. संघाने स्वीकारले म्हणून गावाने स्वीकारले असे होत नाही, आणि सुत्त ते लपवत नाही. त्याच सुत्तात अद्भुत कथा लिहिणाऱ्यासाठी आणखी मोलाचा प्रसंग आहे. एक स्त्री प्रसूतीत अडलेली त्याला दिसते. बुद्ध त्याला म्हणतात, तिच्याजवळ जाऊन सांग की, मी जन्मल्यापासून जाणूनबुजून कोणाचा जीव घेतलेला नाही, आणि या सत्याने तुझे कल्याण होवो. तो म्हणतो, हे तर खोटे होईल. तेव्हा त्याला वाक्य बदलून मिळते: मी आर्य जन्माने जन्मल्यापासून, म्हणजे हा नवा मार्ग धरल्यापासून. ते तो उच्चारतो आणि आई व बाळ दोघेही सुखरूप राहतात. म्हणजे त्याच्यापाशी एकच सामर्थ्य उरले आहे, आणि ते उच्चारलेले वाक्य खरे असेल तरच चालते. वरळी आणि नायगावच्या बीडीडी चाळींत बौद्ध वस्ती मोठी आहे, त्यामुळे गिरणगावात वाढलेल्या तुमच्या एखाद्या पात्राला ही गोष्ट घरातूनच ठाऊक असणे अगदी स्वाभाविक ठरेल.

यावरून एक सुचवतो. तुमचा उष्ट्याचा नियम इतका चांगला आहे की उतारासुद्धा त्याच नियमातून निघायला हवा. करणी लागते ती माणसाला नकळत, त्याच्या ताटातून. मग ती सुटावी ती त्या माणसाने, किंवा त्याच्या वारसाने, भागीरथीने काय केले होते ते पूर्ण ऐकून घेतल्यावर तिच्या हातचा घास जाणतेपणी खाल्ला तरच. न सांगता खाऊ घातले तर काहीच होणार नाही, आणि धाक दाखवून खाऊ घातले तर करणी तिच्यावरच उलटेल. असा नियम केलात की प्रायश्चित्त तिच्या एकटीच्या हातात राहत नाही. तिला प्रत्येक दारी जाऊन सांगावे लागते, आणि समोरच्याला नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार राहतो.

शिवाय त्यामुळे तुमची कादंबरी आपोआप लालबागबाहेर पडते. संपानंतर ती माणसे कुठे गेली? काही कोकणात आणि घाटावर परतली, काहींची मुले विरार, डोंबिवली, बदलापूरला गेली. त्या वयाची एक बाई डबा घेऊन सकाळच्या लोकलने उलट्या दिशेने निघते आहे, तिच्या पिशवीत पत्त्यांची वही आहे आणि पुढचे दार उघडेल की नाही हे तिला माहीत नाही, असा प्रवास मला पुराच्या रात्रीपेक्षा पुष्कळ मोठा वाटतो.

लालबागची लेक

माझी आजी परळला खानावळ चालवत असे, म्हणून खानावळीविषयी थोडे लिहिते. करणीविषयी मला काही सांगायचे नाही.

महिन्याचे पैसे पगार झाल्यावर मिळत, त्यामुळे महिनाभराचा किराणा उधारीवर आणि ती उधारी चुकती करण्यासाठी सावकाराकडे दागिने, हा क्रम संपाच्या आधीपासूनच होता. म्हणूनच १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. तुमच्या भागीरथीने या मंडळात नाव का घातले नाही, याचे उत्तर कथेत असावे. तिच्या जवळच हा मार्ग होता आणि शेजारच्या बायका तो धरत होत्या, हे दिसले तर तिची निवड ही खरोखर निवड ठरेल. नाहीतर वाचक सगळे गरिबीवर ढकलून मोकळा होईल.

दुसरे असे की, खानावळीत ताटे बाईच घासते असे नाही. अनेक ठिकाणी जेवणारा आपले ताट मोरीवर नेऊन स्वतः विसळून ठेवत असे. भागीरथीने ताट तिथेच राहू द्या, मी बघते, असे म्हणण्याला सुरुवात केली, हीच तिच्या पापाची पहिली खूण ठरवता येईल. जेवणाऱ्यांना ती माया वाटेल.

बुजलेल्या विहिरीबद्दल तुम्ही योग्य ठिकाणी हात घातला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मलेरियाच्या बंदोबस्तासाठी मुंबईतल्या पुष्कळ विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या, आणि विहिरीतल्या देवतांचा कोप होईल म्हणून लोकांनी त्याला विरोधही केला होता. त्या आसरा भागीरथीच्या कितीतरी आधीपासून नाराज असणार. त्यांनी तिला क्षमा करावी याला काही कारण मला दिसत नाही. साक्षीला मात्र त्या उत्तम आहेत.

वाटसरू

तिघांचेही मनापासून आभार. जाणतेपणी घेतलेला घास हा नियम मी स्वीकारत आहे, आणि निरपराध बाईचे प्रकरणही लिहिणार आहे. ती बाई आता माझ्या डोळ्यांसमोर आली आहे, आणि तिचे मुलाच्या आईशी जवळचे नाते असावे असे वाटते.

सांगण्याची रीत कोणती असावी याविषयी एक विचार आला, तो मांडतो. भागीरथी मालवणी मुलखातली आहे, आणि तिकडे देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची पद्धत आहे. एक जण मोठ्याने गाऱ्हाणे म्हणतो आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. गणपतीत लालबागच्या घराघरांत ते अजून ऐकू येते. भागीरथीने आपली कबुली गाऱ्हाण्याच्या चालीत द्यावी आणि ‘होय म्हाराजा’ म्हणायला कोणीच पुढे येऊ नये, अशी रचना माझ्या मनात आहे.

परंतु एक शंका राहतेच. दारोदार जाऊन सांगणारी, डबा घेऊन फिरणारी म्हातारी वाचकाला लवकरच गरीब बिचारी वाटू लागेल. तिची भीती ओसरली तर कादंबरीतले अद्भुतच ओसरेल.

काजळवात

मी या प्रकारच्या कादंबऱ्या फार आवडीने वाचतो, म्हणून शेवटच्या शंकेवर लिहितो, आणि नीरक्षीर यांच्याशी काही ठिकाणी मतभेदही नोंदवतो.

भीती ओसरू नये याचा उपाय असा की, विद्या तिच्याकडे शेवटपर्यंत राहिली पाहिजे आणि रोज वापरता आली पाहिजे. अंगुलिमालाने शस्त्र टाकले, ते टाकता येते. परंतु भागीरथी ज्या दारी जाते तिथे तिला चहा मिळतो, ती लोकलच्या ज्या डब्यात बसते तिथे शेजारची बाई अर्धा वडापाव ठेवून उतरते. सगळ्या शहराचे उष्टे तिच्याभोवती पसरलेले आहे. तिला हाकलून देणाऱ्या माणसाच्या दारातच त्याने अर्धवट टाकलेला चहाचा कप असतो आणि ती त्याच्याकडे एक क्षण पाहते, हे वाचकाला दिसले की पुरे. दर प्रकरणात तिला मोह होऊ द्या, आणि एकदा, कादंबरीच्या मध्यावर, तो मोह तिला जिंकूही द्या. त्या वेळी तिच्या हातून घडते ते चांगल्या हेतूने घडावे, म्हणजे एखाद्या दुष्ट माणसावर केलेली करणी असावी, आणि वाचकाला ती करणी हवीहवीशी वाटावी. चांगदेवाची गोष्ट आपण सगळे जाणतो. चौदाशे वर्षांचे योगसामर्थ्य जवळ असून ज्ञानदेवांना पत्र लिहिताना मायना काय घालावा हे त्याला सुचेना, आणि ते कोरे पत्र पाहून मुक्ताई म्हणाली की, इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला. सामर्थ्य असणे आणि शहाणपण असणे यांतले अंतर मला तुमच्या मध्यावरच्या प्रकरणात हवे आहे.

मतभेद असा आहे की, घास खाल्ला म्हणून करणी सुटली हा हिशेब मला फार चोख वाटतो. गेलेला मुलगा घासाने परत येणार नाही. तिथे हा नियम अपुरा पडला पाहिजे, आणि तो अपुरा पडतो हे भागीरथीला पहिल्या पानापासून माहीत असले पाहिजे; म्हणूनच ती त्या आईचे दार सर्वांत शेवटी ठेवत आली आहे.

पाऊस मात्र टाकून देऊ नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात एका टोकाला माणसे बुडत असताना दुसऱ्या टोकाला साधा पावसाळी दिवस होता. अद्भुत लिहिणाऱ्याला याहून चांगली सामग्री मिळणार नाही. माझ्या मते त्या दिवशी भागीरथीची एक जुनी करणी कुठेतरी उपनगरात लागावी, आणि तिने लालबागला कोरड्या गॅलरीत बसून ते जाणावे.

नीरक्षीर

काजळवात यांचे म्हणणे मला मान्य आहे; मुलाच्या बाबतीत नियम अपुराच पडला पाहिजे. फक्त त्या आईने दार लावून घेणे किंवा क्षमा करणे या दोहोंतच प्रसंग अडकवू नये अशी माझी विनंती आहे. ती भागीरथीला आत घेईल, सगळे ऐकेल, आणि मग आपल्या स्वतःच्याच हातून झालेल्या दुसऱ्या अन्यायाविषयी विचारील, म्हणजे मुलाचा घात केला म्हणून चाळीने जिला हाकलले त्या बाईविषयी, जिच्यावर स्वतः या आईनेच पहिला दगड उचलला होता. ती आता कुठे आहे, तुला ठाऊक आहे का? भागीरथीच्या वहीत त्या बाईचा पत्ता नाही, कारण तिच्यावर तिने कधी करणी केलीच नव्हती. तेव्हा तुमच्या दोन शेवटांऐवजी हा तिसरा घ्यावा: मुलाची आई आणि भागीरथी या दोघी मिळून त्या बाईला शोधायला निघतात, आणि दोघींनाही तिला काय सांगायचे हे अजून ठरलेले नसते.

वाटसरू

हा शेवट मी लिहायला घेत आहे. त्यासाठी पुराचे प्रकरण २००५ मध्ये मागे न्यावे लागेल आणि निरपराध बाईला पहिल्या भागातच नाव, खोली आणि स्वभाव द्यावा लागेल. लालबागची लेक यांना एक विनंती आहे: खानावळीत एका दिवसाचा स्वयंपाक किती वाजता सुरू होई, पाळ्यांप्रमाणे पंगती कशा बसत आणि सणाच्या दिवशी ताटात काय वेगळे असे, हे सवडीने सविस्तर लिहिलेत तर फार उपकार होतील, कारण पहिले प्रकरण मी ताटापासूनच सुरू करणार आहे.